नवी नळी, जुना हिशेब

जुन्या रायफलीची नळी आतून खाऊन गेली की तिच्या मालकाला चांगला कारागीर शोधावा लागतो. हे काम कोणीही लोहार किंवा यंत्रकामगार करू शकत नाही. नवी नळी बसवायची म्हणजे जुनी नळी रिसीव्हरच्या, म्हणजे नळी आणि बोल्ट धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, आट्यांतून सोडवायची, नवीचे आटे कापायचे, काडतूस बसण्याचा चेंबर कोरायचा, आणि बोल्ट बंद झाल्यावर काडतूस जिथे अडते तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतचे अंतर इंचाच्या काही सहस्रांशांच्या आत बसवायचे. या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते जास्त झाले तर बार उडताना पितळी पुंगळी ताणली जाऊन फाटते आणि चौरस इंचाला चाळीस हजार पौंडांहून अधिक दाबाचा वायू नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांच्या दिशेने मागे येऊ शकतो. म्हणून असा कारागीर शोधणारा माणूस आपल्या आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या जिवाचा विश्वास कोणावर टाकायचा, हे ठरवत असतो. मला मात्र त्या शोधापाठोपाठ येणाऱ्या एका जुन्या तात्त्विक प्रश्नाचा विचार करायचा आहे. नवी नळी बसून जी रायफल परत येते ती तीच असते का? आणि तीच असेल तर कशाच्या बळावर?

प्रश्न पोकळ नाही, कारण नळी हा रायफलीचा किरकोळ भाग नव्हे. रायफल हे नावच नळीच्या आतल्या पेचदार खाचांवरून पडले. गोळीला फिरकी मिळते ती तिथे, नेम ठरतो तो तिथे. आणि झिजतेही सर्वांत आधी तीच. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ली-एन्फील्ड रायफलीत कॉर्डाइट ही बिनधुराची दारू जळत असे. त्याची ज्वाला इतकी तप्त की चेंबरपुढचा खाचांचा भाग हळूहळू विरघळल्यासारखा झिजत जाई. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड नळीत उरे, ते हवेतला ओलावा ओढून घेई, आणि त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली नाही तर गंज धरे. बोल्ट, रिसीव्हर, अक्रोडाचा दस्ता हे सगळे धड, फक्त नळी गेलेली, अशा रायफली म्हणूनच जगभर आहेत. जो भाग नावाला कारण तोच बदलल्यावर नाव टिकते कसे?

भारतीय तत्त्वज्ञानाने हा प्रश्न फार बारकाईने तपासला आहे. वैशेषिकांचे उत्तर सर्वांत कठोर. अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी, पण ती अवयवांच्या संयोगावर उभी असते. वस्त्रातून एक धागा ओढला की संयोग मोडतो, पहिले वस्त्र नष्ट होते, आणि उरलेल्या धाग्यांतून नवे ‘खंडपट’ जन्माला येते. आपण ‘हे तेच’ म्हणून ओळखतो ते नवे वस्त्र जुन्याच जातीचे असल्यामुळे. या हिशेबाने नळी सोडवली त्या क्षणी जुनी रायफल संपली. बौद्धांनी अवयवीच नाकारला. मिलिंद राजाशी झालेल्या संवादाच्या ग्रंथात बौद्ध भिक्षू नागसेन त्याला रथाची चाके, आस, दांडी एकेक करून दाखवतो आणि विचारतो की यांत रथ कुठला, तेव्हा रथ हे केवळ व्यवहारातले नाव ठरते. जैनांनी मधली वाट धरली. उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता या तिन्ही गोष्टी प्रत्येक सत् वस्तूत एकदम असतात, असे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहे. पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात, द्रव्य टिकते. तिन्ही उत्तरांत बळ आहे. पण रायफलीपुढे ती ठेवली की प्रत्येकात काहीतरी कमी पडते, कारण तिन्हींचा शोध वस्तूच्या आतच चालतो. बंदुकीच्या बाबतीत, आणि मला वाटते दुरुस्त होऊ शकणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या बाबतीत, एकपणाचा आधार वस्तू आणि तिचा हिशेब ठेवणारी माणसे यांच्यामधल्या नात्यात असतो. या वस्तूच्या हातून जे घडले आणि पुढे जे घडेल त्याचा जाब कोणाकडे मागायचा, ती साखळी जोवर तुटत नाही तोवर वस्तू तीच राहते. कुशल कारागीर त्या साखळीतली कडी असतो.

कायद्यांकडे पाहिले की याचा पहिला पुरावा मिळतो, कारण कायद्याला हा प्रश्न वाऱ्यावर सोडता येत नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टने फ्रेम किंवा रिसीव्हर हीच बंदूक मानली. क्रमांक त्यावर ठोकायचा, नोंद त्याची ठेवायची. नुसती नळी तिथल्या संघराज्य कायद्याच्या लेखी बंदूक नाही. जर्मनीत नळी हा शस्त्राचा आवश्यक भाग मानतात, आणि सुटी नळी बाळगायलाही जवळजवळ शस्त्राचेच नियम लागू होतात. युरोपीय संघाच्या २०१७ च्या निर्देशाने आवश्यक भागांच्या यादीत नळी, फ्रेम, रिसीव्हर आणि बोल्ट अशी बरीच नावे घातली. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बंदूक बनवण्याप्रमाणेच ती दुरुस्त करण्यालाही परवाना लावला, नळी आखूड करण्याला वेगळा परवाना लावला, आणि बंदुकीवरचे नाव किंवा क्रमांक खोडणे, बदलणे हा गुन्हा ठरवला. एकपण कोणत्या भागात मानायचे याबाबत हे देश सहमत नाहीत. ते कुठेतरी मानलेच पाहिजे, आणि तिथे जाब विचारता येईल अशी खूण असली पाहिजे, याबाबत मात्र एकही अपवाद नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. खूण कुठे ठोकायची हे देशोदेशी बदलत असेल, तर एकपण हा निव्वळ संकेत झाला, नागसेन म्हणतो तसे नुसते नाव. मग त्याला जबाबदारीचा मोठा शब्द कशाला? याचे उत्तर नागसेनाकडेच आहे, फक्त त्याच ग्रंथात रथाच्या पुढे जाऊन पाहावे लागते. मिलिंद विचारतो की पुनर्जन्म घेणारा तोच नसेल तर तो आधीच्या कर्मांतून सुटला का. नागसेन दिव्याचा दाखला देतो. एक माणूस दिवा घेऊन माडीवर जेवतो, दिव्याने छपराचे गवत पेटते, घर जळते, घरावरून गाव जळते. गावकऱ्यांनी धरल्यावर तो म्हणतो की मी ज्या ज्योतीच्या उजेडात जेवलो ती वेगळी, गाव जाळणारी आग वेगळी. राजा स्वतःच कबूल करतो की हा बचाव टिकणार नाही, कारण ती आग त्या ज्योतीतूनच निघाली. ज्याने वस्तूचे आतले एकपण सर्वांत धारदारपणे नाकारले, त्यालाही जबाबदारीचा प्रवाह नाकारता आला नाही. उलट आतले एकपण गेल्यावर उरले ते हेच. संकेत म्हणजे मनमानी, हे गृहीतच मला मान्य नाही. खूण रिसीव्हरवर ठोकायची की नळीवर, हा संकेत आहे. ज्योतीतून आग निघाली की नाही, हा संकेत नाही.

वस्तूच्या आत एकपण शोधणे किती फसवे, हे न्यायसहायक विज्ञानाने अगदी प्रत्यक्ष दाखवून दिले आहे. गोळीवर उमटणारे ओरखडे नळीचे असतात. प्रत्येक नळीच्या खाचांत हत्यारांनी सोडलेले सूक्ष्म दोष वेगळे. पुंगळीवरच्या खुणा मात्र फायरिंग पिनच्या, बोल्टच्या तोंडाच्या आणि पुंगळी ओढून काढणाऱ्या आकडीच्या असतात. १९२० च्या दशकात तुलना-सूक्ष्मदर्शकाने हे पुरावे न्यायालयात येऊ लागले. म्हणजे एकाच बंदुकीचे दोन साक्षीदार, आणि नळी बदलली की एक जातो, दुसरा राहतो. साको आणि वान्झेत्ती या दोन आरोपींच्या खटल्यात नेमके हेच घडले. १९२० साली मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ ब्रेनट्री इथे पगाराची रक्कम लुटताना दोन खून झाले. १९२१ साली दोघे दोषी ठरले. नव्या खटल्यासाठीच्या अर्जांच्या सुनावणीत, १९२३ साली, बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने साकोचे कोल्ट पिस्तूल आणि दोन नवी कोल्ट पिस्तुले न्यायमूर्ती थेअर यांच्यापुढे सुटी करून दाखवली. काही महिन्यांनी लक्षात आले की साकोच्या पिस्तुलात नवीच नळी आहे आणि त्याची गंजलेली जुनी नळी नव्या पिस्तुलात जाऊन बसली आहे. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर आरोप केले. न्यायमूर्तींनी जुनी नळी साकोच्या पिस्तुलात परत बसवायला लावली. दोघांना १९२७ साली फाशी नव्हे, विजेच्या खुर्चीत मृत्युदंड झाला, आणि त्या पुराव्यावरचा वाद आजही संपलेला नाही.

या प्रसंगाचा विचार वैशेषिकांच्या चौकटीत केला तर म्हणावे लागेल की सगळी पिस्तुले सुटी झाली तेव्हाच संपली आणि नवी जन्मली, मग ‘परत बसवा’ या आदेशाला अर्थच उरत नाही. नुसत्या नावाच्या चौकटीत केला तर कोणतीही नळी कुठेही चालली असती. तरी तो आदेश पूर्ण अर्थपूर्ण होता, हे कोणीही नाकारणार नाही. फ्रेमवरचा क्रमांक सांगत होता की हे शस्त्र साकोकडे सापडले. नळी सांगू शकत होती की गोळी यातून सुटली की नाही. दोन्ही एकत्र राहिले तरच एका माणसाचा जीव ज्या प्रश्नावर टांगलेला होता तो प्रश्न विचारता येत होता. तिथे पिस्तुलाचे एकपण पुराव्याच्या साखळीत होते, आणि साखळी विस्कटली तेव्हा धातूचा कणही नष्ट झालेला नसताना ते एकपण धोक्यात आले. नळी बदलणे हे हातांचे काम किती साधे आणि त्याचा भार किती, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारा प्रसंग मला माहीत नाही.

उलट दिशेचे उदाहरण भारतातले आहे. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने ली-एन्फील्डच्याच घडणीवर खाचा नसलेली, .४१० मापाची गुळगुळीत नळी बसवून पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी मस्केट तयार केल्या. घडण जुनी, बोल्ट जुन्या धर्तीचा, हातात घेतल्यावर भास तोच. पण ते शस्त्र आता रायफल नव्हते. लांबवर नेमके मारण्याची शक्ती मुद्दाम काढून घेतलेली होती. इथे साखळी तुटली नाही, पण जबाबदारीचे स्वरूप बदलले, आणि म्हणून नावही बदलणे योग्यच होते. नळी बदलूनही कधी रायफल तीच राहते आणि कधी दुसरीच वस्तू होते. फरक नळीच्या वजनावरून किंवा किमतीवरून ठरत नाही. ते शस्त्र कशाला उत्तर देऊ शकते यावरून ठरतो.

माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड एम १९०३ रायफलीचा आहे. तिच्या सुरुवातीच्या रिसीव्हरांचे पोलाद भट्टीतून काढताना तापमान कारागीर डोळ्यांनी, पोलादाच्या रंगावरून ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका भासे, मग पोलाद जास्त तापवले जाई आणि जळून ठिसूळ होई. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास काही रायफली फुटल्यावर चौकशी झाली, तापमान मोजण्याची उपकरणे आली आणि १९१८ मध्ये उष्णतासंस्काराची पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात हा बदल ८,००,००० या क्रमांकाच्या आसपास झाला, रॉक आयलंड शस्त्रागारात २,८५,५०७ च्या आसपास. म्हणजे संशयित रिसीव्हर दहा लाखांहून अधिक. त्यांतले सगळे वाईट नव्हते, पण कोणता वाईट हे डोळ्यांनी कळत नव्हते. पुढे असे रिसीव्हर दुरुस्तीला आले की बाद करावेत असे धोरण ठरले. (मातीचे मडके भट्टीत भाजले की ते तेच राहते की परमाणूंपर्यंत विरून नवे बनते, यावर नैयायिक आणि वैशेषिक शतकानुशतके भांडले. पिठरपाक आणि पिलुपाक ही त्या वादाची नावे. त्यांच्यासमोर हा रिसीव्हर ठेवायला हवा होता.) आता अशा कमी क्रमांकाच्या रायफलीला कोणी उत्तम नवी नळी बसवली तर काय होईल? नेम सुधारेल, रूप उजळेल, आणि भट्टीपाशी घडलेली ती चूक जशीच्या तशी आत राहील. नवी नळी जुना दोष धुऊन काढत नाही. जाणता गनस्मिथ म्हणूनच क्रमांक आधी वाचतो आणि असे काम नाकारतो. त्याच्या लेखी ती रायफल आजही तीच आहे जी त्या उन्हाच्या दिवशी भट्टीतून निघाली, कारण तिचा धोका तेव्हापासून आजवर अखंड चालत आला आहे. क्रमांक पाहायची तसदी न घेणाऱ्याला तीच वस्तू नव्यासारखी दिसेल. म्हणजे ‘तीच’ हे कळण्यासाठीही ज्ञान लागते.

दुसरा आक्षेप जुन्या वस्तूंचे प्रेमी घेतील. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये रिग्बीची .२७५ रायफल भेट मिळाली. त्यावर तसे लिहिलेली चांदीची पट्टी आहे. तिची नळी कोणी बदलली तर आपल्याला काहीतरी गमावल्यासारखे वाटेलच, आणि ही भावना खोटी नाही. माझ्या मांडणीत तिला जागा आहे का? आहे, कारण त्या रायफलीकडे आता आपण साक्षीदार म्हणून पाहतो, आणि साक्षीदाराचे काम जे घडले ते जसेच्या तसे धरून ठेवण्याचे असते. तिला पुन्हा बार काढायचा नाही. म्हणून तिच्या बाबतीत कुशल कारागिराने नळीला हात लावू नये, गंज थांबवावा आणि तिथेच थांबावे. वापरातल्या रायफलीचे कर्तव्य वेगळे. ती भिंतीवरच्या स्मृतीसाठी राखली आणि आतून धोकादायक राहिली तर ते कोणाशी इमान? मूळ धातूचा आग्रह सगळीकडे सारखाच लावणारे हा भेद विसरतात. कोणत्या वस्तूकडून कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे आधी ठरवावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि त्याला मी पुरते परतवू शकत नाही. बुद्धाने उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. जैन श्रावकाच्या अनर्थदंडांत, म्हणजे निष्कारण घडणाऱ्या पापांत, हिंसेची साधने दुसऱ्याला देणे, म्हणजे हिंसादान, गणले जाते. मग शस्त्र दुरुस्त करण्याच्या कौशल्याची बाजू घेणे मुळातच चूक नाही का? एकपण जबाबदारीच्या प्रवाहात असते, असे मानल्यावर या आक्षेपापासून कारागिराला लपायला जागाच राहत नाही. मी फक्त नळी बसवली, पुढे काय झाले ते माझे नाही, हा दिवेवाल्याचाच बचाव आहे. म्हणून शस्त्राचा व्यवसायच सोडणाऱ्याची भूमिका मी आदरणीय मानतो. मात्र शस्त्रे अस्तित्वात आहेत, परवान्याने लोकांच्या घरात आहेत, पोलिसांकडे आहेत, नेमबाजीच्या स्पर्धांत आहेत. महाराष्ट्रात खंडेनवमीला आजही शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. पूजा करणारा त्या धातूला शरण जात नाही, ती शक्ती आपल्या हाती आहे हे वर्षातून एकदा जाणून घेतो. जोवर असे आहे तोवर दुरुस्ती अडाण्याकडे जाणे अहिंसेला काहीच मिळवून देत नाही. खराब हेडस्पेसमुळे कोणाचा डोळा गेला किंवा क्रमांक खोडलेली बंदूक हातोहात फिरली, तर हिंसा वाढते आणि जाब विचारायला कोणी उरत नाही. आक्षेपाचे हे पुरे उत्तर नाही. व्यवसायात राहणाऱ्याने कोणत्या अटीवर राहावे, एवढेच यातून ठरते.

ती अट जुन्या परंपरांनी ओळखली होती. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले, आणि नळीची चाचणी कायद्याने सक्तीची झाली. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी आणि बोल्ट टिकतात का पाहायचे, टिकले तर शिक्का ठोकायचा. नवी नळी बसवली की जुना शिक्का पुरत नाही, विक्रीआधी पुन्हा चाचणी द्यावी लागते. कारागिराने आपल्या कामाला आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून कसून तपासून घेणे, हा या व्यवस्थेचा गाभा. जिथे अशी व्यवस्था नाही किंवा विरळ आहे, तिथे तोच भार एकट्या कारागिराच्या सचोटीवर येतो. म्हणून जुन्या रायफलीसाठी कारागीर शोधणाऱ्याने त्याच्या यंत्रांची यादी विचारण्याआधी विचारावे की गेल्या काळात त्याने कोणती कामे परत पाठवली आणि का, परवाना आणि नोंदवही दाखवायला तो कचरतो का, काढलेली जुनी नळी तो मालकाला परत देतो का, आणि नवी नळी बसवल्यावर गेजने मोजलेले हेडस्पेस मालकासमोर दाखवतो का. हे प्रश्न ऐकून जो चिडेल त्याच्याकडून रायफल परत घ्यावी, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो.